वाक्य म्हण, मग भाकरी

मी दहावीला इंग्रजीत दोनदा आपटले होते, हे आधीच सांगून टाकते. माझ्या नातीला ते खरं वाटत नाही. तिच्या लेखी आजी म्हणजे चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होती, ऑडिटला आलेल्या टायवाल्यांशी इंग्रजीत कडाकडा भांडायची ती बाई. "आज्जी, तू फेल? कसं पॉसिबल आहे?" असं ती डोळे मोठे करून विचारते. पॉसिबल काय, चांगली दणकून नापास झाले होते मी. आणि तेही गणितात नाही, भूमितीत नाही, फक्त इंग्रजीत. तेव्हाच्या भोसरीत इंग्रजीत उडालेली पोरं प्रत्येक खोलीत एकेक सापडायची, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखं फार नव्हतं. पण मुलगा नापास झाला तर वर्कशॉपला लागायचा आणि मुलगी नापास झाली तर तिच्यासाठी स्थळं यायला लागायची, एवढा फरक होता. तो फरक मला तेव्हा फार झोंबायचा. खरं सांगायचं तर अजूनही झोंबतो.

आम्ही मूळचे बीडकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एमआयडीसीत एका वर्कशॉपला टर्नर होते. आमच्या दोन पत्र्याच्या खोल्या, एकीमागं एक. पुढच्या खोलीत आईची खानावळ आणि मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड, असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात खानावळ दोन्ही खोल्या व्यापून उरायची आणि आमचं बिऱ्हाड कुठंतरी पातेल्यांच्या फटीत असायचं. पाठीमागच्या गाळ्यात पत्रा ठोकायचा प्रेस होता. तो दिवसभर धाड धाड चालायचा आणि त्या ठोक्याला फळीवरचे पेले हलायचे. गुरुवारी एमआयडीसी बंद असायची, त्या दिवशी प्रेस थांबला की आई म्हणायची, "आज कान मोकळा झाल्यावानी वाटायलंय." भुशाची शेगडी पहाटेच ठासून ठेवलेली असायची. ती एकदा पेटली की दुपारपर्यंत विझायचं नाव नाही. तिच्यावर येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, घातलेल्या आमटीचं पातेलं रटरटत असायचं आणि स्टोवर तवा. त्या आमटीचा वास नाकात गेला की शिफ्ट सुटलेले मेंबर पार चौकातूनच पावलं उचलायचे. हो, जेवायला येणाऱ्यांना मेंबर म्हणायचं. गिऱ्हाईक म्हटलं की आईला राग यायचा.

मेंबर बरेच होते, पण या गोष्टीत दोघांचंच काम आहे. एक सावंतकाका. कोकणातले, बायकामुलं कुडाळला आणि हे इथं एका खोलीत चौघांबरोबर राहायचे. एका कंपनीत स्टोअरला होते, अक्षर मोत्यासारखं आणि इंग्रजी चोख. दुसरे कुरुळीचे बबनराव. घरची शेती, म्हशी आणि वर भोसरीत फर्स्ट शिफ्टची नोकरी. सकाळी सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून यायचे, आमचं दूध घालायचे, कामावर जायचे आणि दुपारी आमच्याकडं जेवून मग कुरुळीला परतायचे. घरी बायको सुगरण असताना हा माणूस इथं का जेवतो, असं आई विचारायची. तर ते म्हणायचे, "वैनी, घरी जेवलो की लगीच वावरात पिटाळत्यात. हितं जरा निवांत बसाया मिळतंय." आज कुरुळीत त्यांचं वावर शोधायला गेलात तर मिळायचं नाही. तिथं कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत आणि माझा मुलगा रोज संध्याकाळी कुरुळी फाट्यावर गाडीत अडकून मला फोन करतो.

आता माझं इंग्रजीचं दुखणं काय होतं ते सांगते. इंग्रजीत क्रियापदांची एक छोटी टोळी आहे. लेट, मेक, हेल्प, सी, हिअर असली मंडळी. यांच्यामागून मी, तो, ती, आम्ही यांपैकी कुणीतरी येतं आणि त्याच्यामागून दुसरं क्रियापद येतं ते अगदी उघडंबोडकं, त्याला पुढं टू लागत नाही. लेट मी गो. मेक हिम वर्क. एवढंच. शाळेतले सर सांगायचे, "पाठ करा, प्रश्न विचारू नका." मी पाठ करायची आणि पेपरात नेमका तिथंच टू घालून यायची. मला ते वाक्य टूशिवाय अपुरं वाटायचं, पाहुण्याला उंबऱ्यावरच उभं ठेवल्यासारखं. बाकीच्याही चुका व्हायच्याच म्हणा, पण या टोळीनं माझा पुरता पिच्छा पुरवला होता. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा मी मागच्या खोलीत पिठाच्या डब्याला टेकून हुंदके देत होते आणि पुढच्या खोलीत पंगत बसली होती. सावंतकाकांनी ताटावरूनच विचारलं, "वहिनी, चेडू कित्याक रडता?" आईनं सांगितलं. ते म्हणाले, "तिला बाहेर बोलवा. आणि वही आणू नको म्हणावं."

त्यांची शिकवण्याची रीत अशी होती की काहीही लिहायचं नाही. जे करायचं तेच म्हणायचं. मी आमटीची बादली घेऊन उभी राहिले की ते म्हणायचे, "आधी वाक्य म्हण गो बाय." मग मी म्हणायची, "लेट मी सर्व्ह यू." आमटीचं मोठं पातेलं उतरवायचं असलं की, "हेल्प मी लिफ्ट इट." मग कुणीतरी मेंबर उठून एका बाजूनं पातेलं धरायचा. बबनराव भिंतीला टेकून पेंगायला लागले की सगळी पंगत एका सुरात ओरडायची, "सी हिम स्लीप!" आणि ते दचकून म्हणायचे, "झोपलो न्हाई, डोळं मिटलं व्हतं निस्तं." हसून हसून पोटं दुखायची. चार-आठ दिवसांत गंमत अशी झाली की मेंबरांनाच चटक लागली. मग आईनं नियम काढला. भाकरीची टोपली घेऊन मी समोर आले की मेंबरानं एक वाक्य म्हणायचं. वाक्य म्हण, मग भाकरी. फुकट वाढणार नाही. बहुतेक जण "लेट मी ईट" म्हणून सुटका करून घ्यायचे. मग आई मागच्या खोलीतून ओरडायची, "तेच तेच चालणार न्हाई, उद्या दुसरं पाहिजे." आईला इंग्रजीचा गंध नव्हता. शाळेची पायरीच चढली नव्हती ती. पण कालचं वाक्य आज आलं की तिला बरोबर कळायचं.

मला स्वतःला ही टोळी कळली ती मात्र शेगडीजवळ. पीठ मळून झालं की आई हाक मारायची, "मंगे, ये, थापू लाग." थापू लाग म्हणजे काय? मला थापायला मदत कर. हेल्प मी. धाकटा भाऊ मध्ये मध्ये करायला लागला की, "त्याला खेळू दे." आणि तो अभ्यासाला बसत नसला की, "त्याला बसायला लाव." मी भाकरी हातात धरून उभीच राहिले. अगं आई, हे सगळं तर तुझ्याकडं आधीपासूनच आहे की! आईला काही कळलं नाही. ती म्हणाली, "भाकरी करपायली, आधी ती उलट." त्या दिवसापासून मला इंग्रजीची भीती कमी वाटायला लागली. गेली नाही, कमी झाली.

या सगळ्या गमतीत अण्णा कधीच नसायचे. पंगत बसली की ते दाराबाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसायचे. कुणी म्हटलं, "अण्णा, तुमी बी म्हना की एखांदं," तर पेपरातून मान वर काढायचे नाहीत. त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी नाही. त्यांच्या वर्कशॉपला एकदा मोठ्या कंपनीचा साहेब जॉब, म्हणजे मशीनवर कापून केलेले भाग, तपासायला आला होता. बिघडलेला जॉब हातात धरून त्यानं अण्णांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. अण्णांना एक अक्षर कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून ते म्हणाले, "यस सर." साहेबानं विचारलं होतं, हा तूच बिघडवलास का? जॉब दुसऱ्याच्याच मशीनवर बिघडलेला. सगळं खातं हसलं. तेव्हापासून अण्णांचं नाव पडलं यस्सर. दारावरून सायकलनं जाता जाता पोरं हाक मारायची, "काय यस्सर, जेवण झालं का?" अण्णा नुसते हात वर करायचे. म्हणून माझ्या नापास होण्याचा त्यांना राग नव्हता, धसका होता. पोरगी तिसऱ्यांदा आपटली तर तिचंही असंच काहीतरी नाव पडेल आणि ते जन्मभर चिकटेल, असं त्यांना वाटायचं. हे मला आज कळतं. तेव्हा मला ते फक्त आडमुठे वाटायचे.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं हॉल तिकीट आलं त्याच सुमाराला आत्यानं स्थळ आणलं. मुलाचं गावाकडं कापडाचं दुकान होतं, माणसं बरी होती, नाव ठेवायला जागा नव्हती. गुरुवारचा दिवस धरून पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक मास्तर मामा. मला साडी नेसवली, पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. मग जेवणं. सुट्टी असली तरी गुरुवारी मेंबरांचं जेवण असायचंच आणि आईकडं पाहुण्यांसाठी वेगळी पंगत बसवायची पद्धत नव्हती. त्यामुळे एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला मेंबर, आणि त्या दिवशी अण्णासुद्धा आत. बबनराव खास धुतलेला सदरा घालून आले होते. खालमानेनं वाढायचं अशी आत्याची ताकीद होती, म्हणून मी खालमानेनं भाकरीची टोपली घेऊन निघाले. पाहुण्यांना वाढलं. सावंतकाकांना वाढलं, ते शहाणपणानं गप्प राहिले. मग बबनरावांपुढं आले. आता या माणसाला काय, टोपली समोर आली की वाक्य म्हणायचं, एवढं पक्कं बसलेलं. त्यात त्या दिवशी त्यांनी नवीन वाक्य तयार करून आणलं होतं, आपल्या मनानं, माझ्यासाठी. छाती काढून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "लेट हर राईट!"

मास्तर मामांना इंग्रजी येत होतं. त्यांनी हात थांबवून विचारलं, "कुणाला लिहू द्या म्हणायलेत हे?" बबनरावांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. ते म्हणाले, "ही आमची मंगल. आक्टूबरात पेपर हाय तिचा. आमीच तयारी करून घेतलीया." झालं. मुलाच्या वडिलांनी हातातला घास ताटात ठेवून अण्णांकडं पाहिलं. बाहेरची माणसं, घरच्या पोरीचं नाव घेतात, तिच्याबद्दल इंग्रजीत बोलतात, आणि बाप शेजारी बसून जेवतो. ते बोलले मात्र शांतपणे. "मुलगी पसंत आहे आमाला. पण हे परीक्षेचं खूळ आजपासून बंद. दुकानदाराच्या बायकोला काय करायचंय इंग्रजी? दिवाळी झाली की उरकून टाकू." आणि अण्णांनी मान हलवली. ती मान मला यस सरसारखीच दिसली. त्या क्षणी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पंगत बंद. अण्णांनी आईला सांगितलं, मेंबरांना डबे भरून द्यायचे, दारातून घ्यायचे आणि दारातूनच जायचं. बबनराव दूध घालायला आले ते रडवेले झाले होते. "वैनी, माज्या तोंडाला काय झालं व्हतं ओ?" आई म्हणाली, "तुमी काय वाईट बोलला का? खरं तेच बोलला." सावंतकाका डबा घ्यायचे, मान खाली घालून निघायचे. खोली एवढी सुनी झाली की पाठीमागच्या प्रेसचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. मी आईला म्हटलं, संपलं ना आता सगळं. ती काठवटीत पाणी ओतत होती. ती म्हणाली, "संपलं कशानं? भाकरी रोज करायची हाय का न्हाई? मग वाक्य म्हण." मागच्या खोलीत राहून, स्टोच्या आवाजात, या बाईनं ती सगळी वाक्यं कानात साठवून ठेवली होती. अर्थ विचाराल तर अर्ध्यांचा माहीत नव्हता. पण मी घाईत कुठं टू घुसवलं की तिचा हात थांबायचा. "न्हाई. सावंतांचं एवढं लांब नव्हतं. पुन्हा म्हण." आणि मी पुन्हा म्हणेपर्यंत तवा तसाच तापत ठेवायची. अशा आम्ही दोघी त्या शेगडीपुढं बसायचो. घामानं निथळायचो, पण एक दिवस चुकवला नाही.

आमच्या घरात अण्णांना थेट कुणी काही मागत नसे. ही रीतच होती. मला पेन हवं असलं तरी मी आईला सांगायचं, आणि आई ते दुसरी भाकरी वाढताना, अण्णांचं पोट निम्मं भरलेलं असताना, हळूच काढायची. परीक्षेचंही तिनं तसंच काढलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. अण्णांचं उत्तर एकच, "शब्द दिलाय." मग पेपरच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, "उद्या त्यांची फर्स्ट शिफ्ट हाय. ते गेले की तू गुपचूप जा. मागनं मी बघते काय करायचं ते." सोपा रस्ता होता. पण मला तो नको वाटला. चोरून जायचं, चोरून लिहायचं आणि मग पास झाले तरी चोरीनंच पास झाल्यासारखं. मी म्हटलं, "नाही आई. मी विचारून जाणार." ती म्हणाली, "आन ते न्हाई म्हणाले तर?" मी म्हटलं, "तर पुन्हा विचारीन."

सकाळी अण्णांनी सायकल ओट्यावरून खाली घेतली. नळावर बायकांची रांग होती, दारात डब्यांसाठी मेंबर उभे होते, बबनराव किटली उतरवत होते. म्हणजे भोसरीतल्या जेवढ्या माणसांसमोर तमाशा नको होता तेवढी सगळी हजर. मी पुढं झाले आणि सायकलचं हँडल धरलं. "अण्णा, मला पेपरला जाऊ द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडं थेट काही मागितलं होतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "हँडल सोड." मी सोडलं नाही. "सोड म्हणतो ना, भोंगा व्हायची येळ झाली." माझे हात का कोण जाणे अगदी घट्ट होते. "तुम्ही हो म्हणा, मग सोडते." आता ते माझ्याकडं बघायला लागले. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तिसऱ्यांदा नापास झालीस तर लोक काय म्हणतील, मंगल?" मी म्हटलं, "काय म्हणायचं ते म्हणतील. मी चौथ्यांदा बसेन."

त्यांनी वळून आईकडं हात केला, डब्यासाठी. आई डबा घेऊनच उभी होती. तिनं तो दिला नाही. पदराखाली धरला. "आधी तिला उत्तर द्या," ती म्हणाली. नळावरची एक बाई हंडा भरून वाहायला लागला तरी बघतच राहिली. "अगं, भोंगा होईल." "होऊ द्या की," आई म्हणाली. "इतकी वर्षं तुमी माझ्या हातचा डबा घेतला आन गेलात. एक दिवस उशीर झाला तर आभाळ पडणार न्हाई. मागून दिलं न्हाई तुमी. आता द्यायला लावते." आणि तेवढ्यात भोंगा झाला. अण्णा तसेच उभे. एका बाजूनं हँडल माझ्या हातात, दुसऱ्या बाजूनं डबा आईच्या पदराखाली. आयुष्यात कधी त्यांचा भोंगा चुकला नव्हता. भोंगा वाजून थांबला तेव्हा त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि ओट्यावर मटकन बसले. मग दारातल्या सावंतकाकांना म्हणाले, "सावंत, खरं सांगा. पास व्हईल का ही?" सावंतकाका सरळ माणूस. ते म्हणाले, "तां माका सांगूक येणा नाय, अण्णा. पण बसली नाय तर पास होणार नाय, ह्या मात्र नक्की." बबनराव आपल्या तोंडावर हात दाबून उभे होते, काही निसटू नये म्हणून.

अण्णा उठले. कंपनीच्या खाकी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "हॉल तिकीट घेतलंस?" मी कमरेला खोचलेलं काढून दाखवलं. "बस मागं," ते म्हणाले. आईनं डबा दिला, तो मला दिला, त्यांना नाही.

मी सायकलच्या कॅरिअरवर बसले आणि आम्ही नेहरूनगरच्या रस्त्यानं पिंपरीला निघालो. उलट बाजूनं फर्स्ट शिफ्टला उशीर झालेली माणसं जोरात पेडल मारत येत होती. त्यांच्यातल्या एकानं हाक मारली, "काय यस्सर, उलटे कुठं?" अण्णांनी हात वर केला नाही. त्यांच्या पाठीला तेलाचा आणि कापलेल्या लोखंडाचा वास यायचा तो येत होता. मी मनात वाक्यं म्हणत होते आणि प्रत्येक वाक्याबरोबर मला आईचा तापलेला तवा दिसत होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लोक तेच आधी विचारतात. पास झाले. काठावर झाले, पण झाले. पाहुण्यांना अण्णांनी स्वतः पत्र टाकून शब्द मागे घेतला. आत्या पुढं बराच काळ आमच्याशी बोलली नाही. खानावळीत पंगत पुन्हा बसायला लागली आणि बबनरावांना पहिल्या दिवशी वाक्य न म्हणता भाकरी मिळाली. मी पुढं शिकले, कंपनीला लागले, मघाशी म्हटलं तसं टायवाल्यांशी भांडले. पण त्या सगळ्याला मी यश वगैरे म्हणत नाही. माझ्या दृष्टीनं जे व्हायचं ते त्या सकाळीच होऊन गेलं होतं, पेपर हातात पडायच्याही आधी.

आमचा नंबर आला होता एका कॉन्व्हेंट शाळेत. तिथल्या प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. मराठी अजिबात नाही, बोलणं सगळं इंग्रजीत. माझा बाक तळमजल्यावर, खिडकीशी. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चटके द्यायला लागलं होतं. बाहेर आवारात पालक उभे होते, आणि त्यात अण्णा, कंपनीच्या कपड्यात, सायकल धरून. पहिली घंटा झाली तशा सिस्टर छत्री घेऊन बाहेर आल्या आणि हात हलवत पालकांना इंग्रजीत सांगायला लागल्या की आवार रिकामं करा, सगळ्यांनी फाटकाबाहेर जा. माणसं निमूट निघाली. चांगली शिकलेली, बुशशर्टवाली माणसंसुद्धा निघाली. अण्णा निघाले नाहीत. सिस्टर त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा काहीतरी बोलल्या, जरा चढ्या आवाजात. आता ते यस सर म्हणतील, बाईला सर म्हणतील, आणि फाटकाजवळचे सगळे हसतील. मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

अण्णांनी सायकल स्टँडवर लावून टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरली. आणि मान वर करून, एकेक शब्द सुटा सुटा करत, ओट्यावर पेपराआड बसून इतके दिवस जे ऐकलं होतं त्यातून स्वतःच जुळवलेलं, ना सावंतकाकांनी शिकवलेलं, ना आईनं घोकून घेतलेलं वाक्य ते म्हणाले.

"लेट मी वेट."

सिस्टर थबकल्या. मग त्यांनी छत्रीनं आंब्याखालच्या बाकाकडं दाखवलं. अण्णा सायकल ढकलत तिकडं गेले, बसले आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. फाटकाजवळ कुणीही हसलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पेपर वाटणाऱ्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय," आणि बाकावर पडलेलं पाणी हातानं पुसून पेपर समोर ओढला.